पंपाची छऱ्याची बंदूक : घेण्याआधी काय पाहावे, कशासाठी वापरावी, कशासाठी वापरू नये



भाताची कापणी उरकते, वाल-चवळीला फुलोरा येतो, भाजीपाल्याचे वाफे लागतात आणि आपल्या शेती कार्यक्रमाकडे एका विषयाची पत्रे सुरू होतात. पनवेलजवळच्या सुकापूरकडून, पुढे नेऱ्याच्या बाजूने आणि माथेरानच्या पायथ्याच्या वाड्यांवरून विचारणा होते : “वानरं ऐकत नाहीत, डुकरं रात्रीत शेत उलथून टाकतात. हातपंपाने हवा भरायची बंदूक मिळते, तिला लायसन लागत नाही, असं म्हणतात. कोणती घ्यावी?”

प्रश्न एका ओळीचा आहे, पण त्याच्या पोटात तीन प्रश्न आहेत. लायसन खरोखर लागत नाही का? पंपाची बंदूक म्हणजे नेमकी कोणती, आणि कोणती बरी? आणि तिसरा, सगळ्यांत महत्त्वाचा : ती वानरावर, डुकरावर, पाखरावर चालवता येते का? तिसऱ्याचे उत्तर आधीच सांगून टाकतो : नाही. नेमबाजीचा छंद म्हणून, डब्यावर-कागदावर नेम धरण्यासाठी बंदूक घ्यायची असेल तर जरूर घ्या. ती कशी निवडावी ते या पत्रकात सविस्तर दिले आहे. पण पिकाची राखण म्हणून घेत असाल तर पैसे जातील, पीक राहणार नाही आणि वर कोर्टाची पायरी चढावी लागेल. ते कसे, तेही पुढे येईल.

१. लायसनचे खरे काय?

आपल्याकडे हत्यारांचा कायदा १९५९ चा आहे आणि त्याखालचे सध्याचे नियम २०१६ चे आहेत. हवेच्या बंदुकीसाठी त्यात दोन मापे महत्त्वाची आहेत. पहिले नळीचे माप : ४.५ मिलिमीटरपर्यंत, म्हणजे दुकानदार ज्याला ‘वन सेव्हन सेव्हन’ म्हणतात ते. दुसरे छऱ्याचा जोर : नळीच्या तोंडाशी २० ज्यूलच्या आत. दोन्ही मापे आत बसली तर लायसन लागत नाही. एक जरी ओलांडले तरी लायसन लागते.

‘टू टू’ म्हणजे साडेपाच मिलिमीटर नळीची बंदूक दिसायला तशीच असते. कुणी म्हणेल, “अहो, हवेचीच तर आहे!” पण नळी मोठी असल्यामुळे ती लायसनच्या यादीत जाते. जत्रेत, ओळखीतून किंवा मुंबईहून कुणी स्वस्तात आणून दिली, तरी आधी नळीचे माप पाहा. बंदूक दुकानातूनच घ्या. ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा दाखवा, पक्की पावती घ्या आणि ती पावती रेशनकार्डासारखी जपून ठेवा. पावतीवर नळीचे माप आणि ज्यूल लिहून मागा.

२. ज्यूल म्हणजे काय? फुटांवर जाऊ नका

जाहिरातीत मोठ्या अक्षरांत ‘सेकंदाला हजार फूट’ असे छापतात आणि आपण भुलतो. वेग म्हणजे जोर नव्हे. वेग आणि छऱ्याचे वजन मिळून जोर ठरतो. ४.५ मिलिमीटरचा साधा शिशाचा छर्रा सुमारे अर्ध्या ग्रॅमचा असतो. त्याचा हिशेब असा :

सेकंदाला १५० मीटर वेग : सुमारे ५.६ ज्यूल
सेकंदाला २०० मीटर वेग : १० ज्यूल
सेकंदाला २५० मीटर वेग : सुमारे १५.६ ज्यूल
सेकंदाला २८० मीटर वेग : सुमारे १९.६ ज्यूल
सेकंदाला ३०० मीटर वेग : २२.५ ज्यूल, म्हणजे मर्यादेबाहेर

हजार फूट म्हणजे सुमारे ३०५ मीटर. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा खरोखर त्या वेगाने गेला तर जोर २० ज्यूलच्या वर जातो. मग जाहिरात खोटी का? तशीही नसते. पुष्कळदा हलका छर्रा घालून वेग मोजलेला असतो. म्हणून दुकानात विचारायचा प्रश्न एकच : “कोणत्या वजनाच्या छऱ्याने किती ज्यूल?” याचे सरळ उत्तर मिळाले नाही तर दुसरे दुकान पाहा.

आणि जोर कशाला हवा? ऑलिंपिकमध्ये दहा मीटरवरून नेमबाजी होते. त्या बंदुकांचा जोर साडेसात ज्यूलच्या आसपास असतो आणि कागदाच्या मधला ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा! अभिनव बिंद्राने २००८ साली बीजिंगला याच प्रकारात सुवर्णपदक मिळवले आणि आपल्या ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ साली कैरोला याच प्रकारात जगज्जेता झाला. नेम हा हाताचा आणि श्वासाचा असतो. जास्त जोराने नेम सुधारत नाही; उलट धक्का वाढतो आणि नेम हलतो.

३. हवा भरण्याच्या चार तऱ्हा

छऱ्याच्या बंदुकीत दारू नसते, दाबलेली हवा असते. ती हवा कुठे आणि कशी दाबतात यावरून जाती पडतात.

अ) नळी मोडून भरायची, स्प्रिंगची. नळी खाली मोडली की आत स्प्रिंग दबते. चाप ओढला की स्प्रिंग दट्ट्याला ढकलते आणि त्या क्षणी हवा दाबली जाते. एकदा मोडायची, एक छर्रा. पंप नाही, टाकी नाही. दर वेळी साधारण पंधरा किलोच्या आसपास जोर लावावा लागतो. दट्ट्या पुढे धावतो म्हणून बंदूक हिसका देते आणि नेम बसायला सवय लागते. पण बिघडण्यासारखे भाग कमी. खेड्यात दुरुस्तीचा विचार केला तर हीच सर्वांत सोयीची.

आ) एका दाबाची. बाजूचा किंवा खालचा दांडा एकदाच उघडून मिटायचा. हवा तेवढ्यानेच दाबून राहते. जोर कमी, हिसका जवळजवळ नाही. दहा मीटरच्या सरावाला, मुलांना शिकवायला उत्तम.

इ) अनेक वेळा पंप मारायची. नळीखालचा दांडा तीन ते दहा वेळा उघडमीट करायचा. जितके जास्त वेळा पंप माराल तितका जोर जास्त. कागदावर सराव करायचा तर तीन-चार वेळा पुरे. कंपनीने सांगितलेल्या आकड्याच्या वर एकदाही पंप मारू नका. जोर वाढत नाही, झडप मात्र खराब होते. पन्नास छर्रे मारायचे तर दीडशे-दोनशे वेळा पंप मारावा लागतो, तेव्हा आपल्या दंडाचा विचार करून घ्या.

ई) टाकीची. दुकानात हिला ‘पीसीपी’ म्हणतात. नळीखाली जाड पोलादी किंवा अल्युमिनियमची टाकी असते. ती आधीच भरून ठेवायची. मग चाळीस-पन्नास बार पुन्हा हवा न भरता निघतात, हिसका नाही, नेम सरस. ‘हातपंपाची बंदूक’ म्हणून आज जे विकले जाते ते मुख्यतः हेच. म्हणून हिच्याविषयी जरा जास्त सांगितले पाहिजे.

ही कल्पना आजची नाही. ऑस्ट्रियाच्या सैन्यात १७८० च्या सुमाराला जिरांदोनी नावाच्या कारागिराची हवेची बंदूक होती. दस्त्यातच हवेची टाकी, आणि ती भरायला हातपंप सुमारे पंधराशे वेळा मारावा लागे. अमेरिकेत लुईस आणि क्लार्क यांनी १८०३ ते १८०६ या काळात देश पालथा घातला तेव्हा त्यांच्याबरोबरही हवेची बंदूक होती. सव्वादोनशे वर्षांत झडपा सुधारल्या. पण हाताने हवा दाबायला लागणारे कष्ट काही सुटलेले नाहीत.

४. हातपंप : साधा दिसतो, साधा नाही

हा पंप सायकलच्या उभ्या पंपासारखाच दिसतो. म्हणून माणूस फसतो. मोटारीच्या चाकात आपण तीसेक पौंड हवा भरतो. बंदुकीच्या टाकीत २०० बार दाब लागतो, म्हणजे सुमारे २,९०० पौंड! मोटारीच्या चाकाच्या जवळजवळ शंभरपट. त्यामुळे पंक्चरवाल्याचे मशीन इथे उपयोगाचे नाही. या पंपात एकात एक अशा दोन-तीन नळ्या असतात आणि हवा टप्प्याटप्प्याने दाबली जाते.

किती वेळा मारावा लागतो त्याचा हिशेब करून पाहा. समजा टाकी १५० घनसेंटिमीटरची आहे आणि दाब १०० वरून २०० बारवर न्यायचा आहे. म्हणजे १५० गुणिले १००, पंधरा हजार घनसेंटिमीटर, म्हणजेच १५ लिटर मोकळी हवा आत कोंबायची. पंप एका दमात दीडशे-दोनशे घनसेंटिमीटर हवा घेतो. म्हणजे पंचाहत्तर ते शंभर वेळा पंप आला. टाकी दुप्पट मोठी घेतली तर पंपही दुप्पट. दुकानात ‘मोठी टाकी, जास्त बार’ ऐकून हरखू नका. ती टाकी भरायची तुम्हालाच आहे.

पंप मारण्याची रीत :

• पाय पट्टीवर घट्ट ठेवा. हात सरळ, गुडघे वाकवून अंगाचा भार द्या. नुसत्या दंडाने मारायला जाल तर खांदे धरतील.
• दांडा पूर्ण वर, पूर्ण खाली. अर्धवट पंप मारला तर हवा टाकीत जातच नाही.
• तीस-चाळीस वेळा मारून झाले की थांबा. पाच-दहा मिनिटे पंप गार होऊ द्या. तापलेल्या पंपाचे वॉशर जळतात.
• थांबाल तेव्हा खालचा पेच सोडून साठलेली वाफ-पाणी बाहेर काढा.
• दाबाच्या काट्यावर नजर ठेवा. टाकीवर कोरलेल्या आकड्याच्या वर जाऊ नका. टाकीवर आकडा कोरलेलाच नसेल तर ती बंदूक घेऊ नका.
• पंपात खोबरेल, इंजिन तेल, ग्रीस काहीही घालू नका. इतक्या दाबाखाली हवा तापते आणि साधे तेल पेट घेऊ शकते. कंपनीने दिलेले सिलिकॉनचे वंगणच तेवढे चालते.
• वेल्डिंगचा ऑक्सिजन टाकीत कधीही भरू नका. ऑक्सिजन आणि तेलाचा अंश एकत्र आला तर स्फोट होतो. हे जिवावरचे काम आहे.

हातपंप बहुधा वेगळा विकत घ्यावा लागतो आणि त्याची किंमत एखाद्या साध्या स्प्रिंगच्या बंदुकीइतकी जाऊ शकते. वॉशरचा संच अधूनमधून बदलावा लागतो. तो संच पनवेल, ठाणे, मुंबईत कुठे मिळतो हे विचारूनच खरेदी करा. पंप बंद पडला की टाकीची बंदूक म्हणजे काठी!

५. आपली कोकणची हवा

देशावरच्या माणसाला ही अडचण नाही, आपल्याला आहे. पावसाळ्यात पनवेलच्या हवेत ओल भरलेली असते. जुलैत एक घनमीटर हवेत चोवीस-पंचवीस ग्रॅम पाण्याची वाफ सहज असते. वरच्या हिशेबातली पंधरा लिटर हवा दाबली की त्यातले सहा-सात थेंब पाणी सुटते. ते पंपाच्या तळाशी उतरले तर पेच सोडून काढता येते. नाही उतरले तर टाकीत जाते, आतून गंज धरते आणि झडप चिकटते. थंडीत सकाळी ऊन चढल्यावर, कोरड्या हवेत भरले तर पाणी याच्या निम्म्याहूनही कमी.

म्हणून टाकीची बंदूक असेल तर पावसाळ्यात शक्यतो भरू नका. भरावीच लागली तर घरात, कोरड्या जागी, जास्त वेळा थांबून भरा. टाकी कायम थोडी भरलेली ठेवावी. पूर्ण रिकामी ठेवली तर झडप सैल पडून ओल आत शिरते. पण भरलेली बंदूक उन्हात, पत्र्याच्या शेडात, बंद गाडीत ठेवू नका. तापली की दाब वाढतो.

स्प्रिंगच्या बंदुकीला ही डोकेदुखी नाही. नळी आणि लोखंड बाहेरून तेलाच्या फडक्याने पुसले, गोणपाटात न गुंडाळता कोरड्या कपड्यात ठेवले की झाले. गोणपाट ओल धरते. अनेक वेळा पंप मारायची बंदूक ठेवताना एक-दोन पंप मारून, छर्रा न घालता ठेवा, म्हणजे झडप मिटलेली राहते.

आमचा सल्ला असा : पहिलीच बंदूक असेल, सराव पंधरा-वीस मीटरवर करायचा असेल आणि शहरात वरचेवर जाणे होत नसेल, तर स्प्रिंगची ४.५ मिलिमीटरची, दहा-बारा ज्यूलची बंदूक घ्या. हातात जोर कमी असेल किंवा घरातल्या मुलामुलींना शिकवायचे असेल तर एका दाबाची. टाकीची बंदूक दोन-तीन वर्षे सराव झाल्यावर, छंद टिकला तर.

६. आता शिकारीचे

परदेशी पुस्तकांत आणि जाहिरातींत याच बंदुका ससे आणि खारी मारायला म्हणून दाखवतात. तिथला कायदा वेगळा. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून आहे. ससा, तितर, लावा, होला, पोपट, मोर, माकड, वानर, रानडुक्कर या सगळ्यांना त्याचे संरक्षण आहे. २०२२ साली कायदा बदलला आणि १ एप्रिल २०२३ पासून नव्या याद्या लागू झाल्या. पूर्वी ‘उपद्रवी’ म्हणून जी वेगळी यादी होती, ज्यात कावळा, उंदीर, फळे खाणारी वटवाघळे होती, ती यादीच काढून टाकली. तेव्हा “कावळा मारला तर काय होतंय” ही जुनी समजूत आता सोडून द्या.

शिक्षा किरकोळ नाही. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पहिल्या यादीतला, मोरासारखा, जीव असेल किंवा अभयारण्यात शिकार केली असेल, तर तीन ते सात वर्षे कैद आणि निदान पंचवीस हजार रुपये दंड. पनवेलपासून बाराएक किलोमीटरवर कर्नाळ्याचे पक्षी अभयारण्य आहे, १९६८ पासून. तिथे परवानगीशिवाय बंदूक नुसती बरोबर नेणेसुद्धा गुन्हा आहे.

कायदा बाजूला ठेवला तरी हिशेब जमत नाही. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा रानडुकराच्या चरबीत रुततो, डुक्कर मरत नाही. जखमी डुक्कर बांधाआड दबा धरून बसते आणि सकाळी गवताला गेलेल्या बाईवर धावून येते. वानराला छर्रा लागला तर ते आठ-दहा दिवस जखम चिघळून मरते. टोळी काही शेत सोडत नाही. आणि हवेच्या बंदुकीचा आवाज इतका हलका असतो की भीती घालायलाही तिचा उपयोग नाही. त्यापेक्षा गोफण आणि पत्र्याचा डबा बरा.

छऱ्याच्या बंदुकीने एक चांगले कामही घडवले आहे, तेही सांगतो. पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांनी शाळकरी वयात मुंबईत अशाच हवेच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही कोणती चिमणी म्हणून ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. तिथे मिलार्डसाहेबांनी तिची जात तर सांगितलीच, शिवाय कपाटे उघडून भुसा भरून ठेवलेले शेकडो पक्षी दाखवले. तो पोरगा जन्मभराचा पक्ष्यांचा झाला. पुढे १९३० साली आपल्याच जिल्ह्यातल्या किहीमला राहून त्यांनी सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला आणि नर एकाहून अधिक माद्यांसाठी घरटी कशी बांधतो ते जगाला दाखवले. १९८५ साली आलेल्या आत्मचरित्राला नावही त्यांनी त्या पडलेल्या चिमणीवरून दिले. आपल्या पोरांच्या हातात बंदूक द्याल तेव्हा ही गोष्ट जरूर सांगा.

अरुणाचल प्रदेशात तर २०२१ साली सरकारनेच हाक दिली, आणि रानातली पाखरे संपत चालली हे ओळखून लोकांनी हजारावर हवेच्या बंदुका स्वखुशीने जमा केल्या.

७. मग पिकाचे काय?

• नुकसान झाले की ताबडतोब वनरक्षक किंवा वनपालाला कळवा आणि पंचनामा करून घ्या. रानडुक्कर, वानर यांच्या नुकसानीची भरपाई वनखाते देते. अर्ज उशिरा गेला तर भरपाई हातची जाते. वनखात्याचा मदतीचा फोन १९२६ आहे.
• डुक्कर फारच माजले असेल तर उभ्या पिकाच्या संरक्षणासाठी ते मारण्याची परवानगी वनखात्याचा अधिकारी कायद्याच्या ११ व्या कलमाखाली देऊ शकतो. ती लेखी लागते आणि ते काम लायसनच्या बंदुकीचे आहे, छऱ्याच्या नव्हे.
• कुंपणात घरची वीज सोडू नका. माणसे मेली आहेत, गुरे मेली आहेत. झटका देणारे सौर कुंपण वेगळे असते. तेच घ्या, आणि जमल्यास चार-पाच शेतांनी मिळून घ्या.
• पाखरांसाठी चमकणाऱ्या फिती कणसांच्या वितभर वर ताणा. दर चार-पाच दिवसांनी दिशा बदला.
• उंदरांसाठी बिळे बुजवा, बांध अरुंद ठेवा, सापळे लावा. शेतात इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखे पक्षीथांबे उभे करा. रात्री घुबड त्यावर बसते आणि उंदीर टिपते. छऱ्याने जे होणार नाही ते काम घुबड फुकट करते.

८. नेमबाजीची जागा

४.५ मिलिमीटरचा छर्रा अडीच-तीनशे मीटरपर्यंत जाऊ शकतो. वीस वर्षांपूर्वी सुकापूर-देवदच्या भातखाचरांत एवढी मोकळीक होती. आज बांधाला लागून इमारती उभ्या आहेत, माथेरानच्या रस्त्यावर दिवसभर वर्दळ आहे. मोकळे रान समजून बार काढाल तर छर्रा कुणाच्या खिडकीत जाईल सांगता येत नाही. म्हणून :

• निशाण्याच्या मागे भक्कम आडोसा हवा. मातीचा बांध, वाळूची पोती किंवा चिंध्या ठासून भरलेली पेटी. आडोसा निशाण्यापेक्षा चारी बाजूंनी हातभर मोठा असावा.
• दगड, काँक्रीटची भिंत, लोखंडी पिंप, बाटल्या आणि पाण्याचा पृष्ठभाग यांवर नेम नको. छर्रा उलटून येतो.
• निशाण कागदाचे किंवा रिकाम्या पत्र्याच्या डब्याचे. डबा दोरीने टांगा, म्हणजे वाळूच्या पोत्यासमोरच राहील.
• दहा मीटरपासून सुरुवात करा. पाच छर्रे रुपयाच्या नाण्यात बसू लागले की मग पंधरा मीटर.
• आकाशात, झाडावर, विजेच्या तारांकडे नळी नको.

९. हाताळताना

• प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असे समजा. नळी माणसाकडे, जनावराकडे कधीच नाही.
• नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर.
• नळी मोडून छर्रा घालताना दुसऱ्या हाताने नळी घट्ट धरा. सुटली तर बोटे चिरडतात.
• स्प्रिंगची बंदूक छर्रा न घालता रिकामी सोडू नका, आणि ताणून तशीच भिंतीला लावून ठेवू नका.
• छर्रे शिशाचे असतात. तोंडात धरू नका. सराव झाल्यावर साबणाने हात धुऊनच भाकरीला हात लावा.
• डोळ्याला चष्मा लावा. छऱ्याने गेलेला डोळा परत येत नाही.
• बंदूक कुलपात, छर्रे वेगळ्या कुलपात. मूल शिकत असेल तर मोठे माणूस शेजारी हवेच.

१०. श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न : मामाने जुनी बंदूक दिली आहे. नळी जाड वाटते. काय करू?
उत्तर : भाऊ, आधी नळी मोजून घ्या. साडेपाच मिलिमीटरची निघाली तर ती घरात ठेवू नका. मामांना बरोबर घेऊन पोलीस ठाण्यात जा आणि विचारून पुढचे करा. लपवण्यात शहाणपण नाही.

प्रश्न : मुलगी नववीत आहे, नेमबाजीची आवड आहे. घेऊन द्यावी का?
उत्तर : ताई, लगेच विकत घेऊ नका. आधी एखाद्या नेमबाजीच्या क्लबात शिकायला पाठवा. तिथे बंदूक त्यांचीच मिळते. सहा महिन्यांत आवड कळेल. अंजली भागवत २००० साली सिडनीच्या ऑलिंपिकमध्ये दहा मीटरच्या अंतिम फेरीत पोचल्या तेव्हापासून महाराष्ट्रातल्या कितीतरी मुली या खेळात आल्या आहेत.

प्रश्न : पाखरे उडवायला नुसताच हवेत बार काढला तर?
उत्तर : काका, वर गेलेला छर्रा खाली येतोच. आणि आवाज इतका बारीक की पाखरू मानसुद्धा वळवणार नाही. गोफणच बरी.

११. दुकानात जाण्याआधी ही यादी खिशात ठेवा

(१) नळी ४.५ मिलिमीटर. (२) जोर २० ज्यूलच्या आत. सरावाला दहा-बारा पुरे. (३) वजन खांद्याला पेलते का? तीन-साडेतीन किलोची बंदूक पाच मिनिटे धरून पाहा. (४) दुकानातच पाच वेळा भरून पाहा. पाचव्या वेळी हात थरथरला तर ती आपल्यासाठी नाही. (५) टाकीची असेल तर टाकीवर दाबाचा आकडा कोरलेला आणि काटा बसवलेला आहे ना? (६) वॉशर, स्प्रिंग, झडप हे सुटे भाग कुठे मिळतात? (७) पावतीवर सगळे लिहून घेतले ना? (८) घरी आडोशाची जागा आहे ना? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल तर पहिल्या सातांचा विचार करूच नका.

हे पत्रक वाचून झाल्यावर शेजारच्या वाडीवर द्या. आणखी काही विचारायचे असेल तर पोस्टकार्डावर गाव, तालुका आणि कोणते पीक आहे ते लिहून कळवा. पिकाच्या राखणीविषयीच्या पत्रांची उत्तरे कार्यक्रमातून आधी देऊ.